गोव्यातल्या अभयारण्यात जायचंय? आधी ठरवा तुम्ही कोण म्हणून जाताय

पाऊस एकदा धरला की म्हापसा, पणजी, बेळगाव, अगदी कोल्हापूरहूनसुद्धा मेसेज सुरू होतात, "अरे तो तुमच्या सत्तरीतला धबधबा, आता सोडतात काय रे आत?" आणि याला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देताच येत नाही, कारण कुठला धबधबा, कुठला महिना आणि मुख्य म्हणजे तू कोण म्हणून जातोयस यावर सगळं असतं. म्हणून एकदाच बसून सगळं लिहितोय, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच फॉरवर्ड.

गोव्यात सहा अभयारण्यं आणि एक राष्ट्रीय उद्यान आहे. सत्तरीत म्हादई, सांग्यात नेत्रावळी, काणकोणात खोतीगाव, मोले-कुळे भागात भगवान महावीर आणि त्याला लागूनच मोले राष्ट्रीय उद्यान, मग जेमतेम ८ चौरस किलोमीटरचं बोंडला, आणि चोडण बेटावर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य, ते तर २ चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही. यातली म्हादई आणि नेत्रावळी ही दोन मोठी, दोन्ही २०० चौरस किलोमीटरच्या वर, आणि दोन्ही १९९९ सालची, राष्ट्रपती राजवट होती आणि जनरल जेकब राज्यपाल होते तेव्हाची. म्हणजे अभयारण्य कालपरवाचं आणि आतली गावं पिढ्यानपिढ्यांची. ही एक गोष्ट डोक्यात बसली की बाकीचे नियम आपोआप समजायला लागतात, नाहीतर लोकांना वाटतं आत नुसतं रान आहे, कोणी विचारणारं नाही, आणि मग कोणाच्या तरी कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, गाडी घुसते.

आता कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. त्याचं कलम २७ सरळ सांगतं की अभयारण्यात कोणी जायचं: ड्युटीवरचा सरकारी माणूस, आत राहायची परवानगी असलेला, आत ज्याची जमीन-घर आहे तो, या लोकांच्या घरची माणसं, आणि सार्वजनिक हमरस्त्यावरून पलीकडे जाणारा. बस्स. बाकी सगळ्यांना परमिट लागतं, ते कलम २८ खाली, आणि ते फोटोग्राफी, अभ्यास, संशोधन, पर्यटन किंवा आत राहणाऱ्या कोणाशी कायदेशीर कामधंदा असेल तर मिळतं. म्हणजे चोर्ला घाटातून किंवा अनमोड घाटातून तुम्ही गाडी हाकत जाता तेव्हा तुम्हाला कोणी काही विचारणार नाही, पण त्याच रस्त्याच्या कडेला गाडी लावून खाली व्हाळात, म्हणजे ओढ्यात, उतरलात की तुम्ही वेगळ्या रकान्यात गेलात. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि मग गार्डाशी हुज्जत, "रस्ता काय तुमच्या बापाचा काय" वगैरे. रस्ता सगळ्यांचा आहे हो, रान नाही.

परमिट काढायचं म्हणजे फार काही दिव्य नाही. मोले, खोतीगाव, बोंडला इथे गेटवरच तिकीट मिळतं, माणसांचं वेगळं, गाडीचं वेगळं, कॅमेऱ्याचं वेगळं, पावती जपून ठेवा कारण आत परत विचारतात. म्हादई आणि नेत्रावळीला एकच असं मोठं गेट नाही, तिथे वनखात्याच्या त्या-त्या भागातल्या रेंज ऑफिसात किंवा नाक्यावर जाऊन विचारायचं, सोबत ओळखपत्राची झेरॉक्स, किती माणसं, गाडी नंबर, कुठे जाणार, कधी परतणार एवढं कागदावर लिहून नेलं तर काम पटकन होतं. शूटिंग करायचंय, ड्रोन उडवायचाय, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी बेडूक-किडे-झाडं गोळा करायचीत तर हे गेटवर होत नाही, त्यासाठी पणजीला आल्तिनोवर वन भवनात अर्ज जातो आणि त्याला वेळ लागतो, त्यामुळे शुक्रवारी अर्ज देऊन रविवारी शूटिंग असला प्लॅन करूच नका. आणि एक, संध्याकाळी चारला पोचून "पटकन बघून येतो" म्हणणाऱ्यांना गार्ड परत पाठवतात ते बरोबरच करतात, रानात अंधार बाहेरच्यापेक्षा लवकर पडतो आणि फोनला रेंज शून्य.

जागेजागेचं थोडं वेगळं आहे. बोंडला गुरुवारी बंद असतं, तिथे प्राणीसंग्रहालय आहे त्यामुळे लहान मुलं असतील तर तेच बरं. खोतीगावात उंच झाडावर मचाण आहे, तिथे सकाळी लवकर आणि गप्प बसणार असाल तरच मजा, स्पीकर घेऊन गेलात तर माकडंसुद्धा दिसणार नाहीत. चोडणला रायबंदरहून फेरीने जायचं, धक्क्यापासून अभयारण्य जवळच, पण होडीने खारफुटीत आत जायचं असेल तर भरतीची वेळ आधी बघून घ्या, ओहोटीला होडी खाडीत शिरतच नाही, चिखल बघून परत यावं लागतं. तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ, कदंबकाळातलं, तेही भगवान महावीर अभयारण्यातच येतं, देवदर्शनाला जाताय म्हणून नियम सुटत नाहीत, शेजारच्या नदीत साबण लावून आंघोळी करणारे मी बघितलेत, देवाच्या दारात तरी लाज वाटायला हवी.

दूधसागराबद्दल मात्र सविस्तर सांगायला लागतं कारण तिथे सगळ्यात जास्त गोंधळ. पाऊस संपला की साधारण ऑक्टोबरपासून कुळ्याहून जीप सुरू होतात, त्या रानातून, नदीचे प्रवाह ओलांडत जातात, लाइफ जॅकेट घालायलाच लागतं. पावसात जीप बंद, कारण तेच प्रवाह तेव्हा गाडी उचलून नेतील. आणि लोकांना धबधबा बघायचा असतो नेमका पावसात! मग काय करतात तर रेल्वेच्या रुळावरून चालत जातात, बोगद्यातून. हे करू नका. रुळावर चालणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि जुलै २०२३ मध्ये असेच गेलेल्या पोरांना रुळाच्या कडेला उठाबशा काढायला लावल्याचा व्हिडिओ देशभर फिरला. हसू येतं खरं, पण त्या बोगद्यात मागून गाडी आली तर बाजूला व्हायला जागा किती असते ते एकदा विचारा. पावसातला दूधसागर बघायचाच असेल तर त्या मार्गाच्या गाडीत खिडकीला बसा, गाडी धबधब्यासमोरच्या पुलावरूनच जाते, तुषार अंगावर येतात, अजून काय पाहिजे.

बाकीचे धबधबे. जुलै २०२३ मध्येच नेत्रावळीत मैनापीला दोघे बुडाले आणि त्यानंतर वनखात्याने अभयारण्यातल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली, मग काही ठिकाणं परत उघडली, तेव्हापासून हे असंच चाललंय, एखादा धबधबा उघडा असतो, एखादा बंद, आणि जोराचा पाऊस झाला की उघडा असलेलाही दोन दिवस बंद. म्हणून गेल्या वर्षीच्या रीलवर विश्वास ठेवू नका, गूगल मॅपवर तर अजिबात नाही, जायच्या आदल्या दिवशी रेंज ऑफिसला फोन लावा. आत गेल्यावर पाण्याकडे नीट बघत राहा. वरती घाटमाथ्यावर पाऊस पडतो आणि तुमच्या डोक्यावर ऊन असतं, आणि पाणी वाढायच्या आधी ते सांगतं: स्वच्छ पाणी लालसर गढूळ होतं, पानं-काटक्या वाहत यायला लागतात, आणि आवाज बदलतो, खळखळ जाऊन घुमल्यासारखा होतो. यातलं एक जरी दिसलं की फोटो-बिटो सोडून ज्या काठाला परतीची वाट आहे त्या काठाला या, उलट्या काठाला अडकलात तर तासन् तास तिथेच. कोंडीत, म्हणजे धबधब्याखालच्या खोल डोहात, उडी तर कोणीच मारू नये, पोहता येतं त्यांनीसुद्धा नाही.

गावातून जाताना कसं वागायचं हे कुठल्या बोर्डवर लिहिलेलं नसतं म्हणून सांगतो. धबधब्याची वाट बहुतेक वेळा कोणाच्या तरी कुळागरातून जाते. तिथे माडा-पोफळींच्या मधून बारीक पाट काढलेले असतात, मातीचे बांध, एक पाय चुकीचा पडला की बांध फुटतो आणि खालच्या पोफळींना पाणी जात नाही, आणि ते दुरुस्त करायला त्या माणसाची अख्खी सकाळ जाते. म्हणून दगडावरून, कडेकडेने, एकामागोमाग एक. अंगणात सुपारी वाळत घातलेली असते ती तुडवू नका. पहिल्या घरी थांबून "आत जाऊ ना हो?" एवढं विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही, उलट वरती परवा गवे दिसले, तिकडून जाऊ नका अशी माहिती फुकट मिळते. जेवण सांगायचं असेल तर तेव्हाच सांगा, नेत्रावळीत वेर्ले-साळगिणीच्या बाजूला घरगुती जेवण मिळतं, भात, हुमण म्हणजे माशांची आमटी, नाहीतर खतखतं म्हणजे मिश्र भाज्यांची आमटी, आणि पैसे गावात राहतात. गावाजवळच्या देवराईत, म्हणजे देवाच्या रायेत, चपला काढून आणि तेही विचारूनच जायचं. सत्तरीत बांबरला निरंकाराची राय आहे, रानटी जायफळाच्या जातीची झाडं दलदलीत उभी आणि त्यांची मुळं गुडघ्यासारखी वर आलेली, ती टिकली कारण लोकांनी तिथे फांदीसुद्धा तोडली नाही.

जेवणावरून आठवलं, चूल. तीन दगड मांडायचे, सुकी लाकडं गोळा करायची, चिकन, बाटल्या, गाणी, ही आपली गोव्याची पिकनिक. अभयारण्यात नाही चालत. कलम ३० आगीबद्दलच आहे, पेटवणं तर सोडाच, जळती सोडून जाणंसुद्धा त्यात येतं. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानात आगी लागल्या तेव्हा हेलिकॉप्टरने पाणी टाकायला नौदल, हवाई दल बोलवावं लागलं, कित्येक दिवस धूर. फेब्रुवारी ते मे पाला इतका कोरडा असतो की एक विडी पुरते. हे काजूवाल्यांनाही सांगतोय, काजूखालचा पाला साफ करून तिथल्या तिथे पेटवायची जुनी सवय आहे, हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा, हंगाम जवळ आला की सगळ्यांना घाई, पण पाला ओढून खड्ड्यात टाका, कुजू द्या. आणि कचरा टाकणं हाही त्याच कायद्यात गुन्हा आहे, कलम २७ मध्येच लिहिलंय, जनावराला त्रास द्यायचा नाही आणि घाण करायची नाही. बाटली फोडणाऱ्यांबद्दल काय बोलायचं, त्या काचेवर नंतर म्हशी चालतात.

अळमी, म्हणजे रानातली मशरूम. हा विषय नाजूक, कारण रोण अळमी कोणाला आवडत नाहीत! पण रानातून काहीही काढून नेणं कलम २९ खाली येतं, त्यात अळमी आली, फुलझाड आलं, ऑर्किड आलं, आणि वनखात्याने अळमी काढण्यावर बंदीची पत्रकंही काढलीत. ही अळमी वाळवीच्या वारुळावर येते, वाळवी आणि तिचं असं जुळलेलं असतं की शेतात लावून येत नाही, आणि वारूळ खणून मुळापासून ओढली तर पुढच्या वर्षी तिथे काही नाही. पाहुण्यांनी तर हात लावूच नये, रस्त्यावर विकायला बसलेल्या बाईकडेही विचारा कुठली आहे, तिच्या स्वतःच्या भाटातली, म्हणजे बागेतली, असेल तर खुशाल घ्या. पहिल्या पावसात बॅटरी घेऊन बेडूक पकडायला जाणारे अजून आहेत, त्यांना एवढंच, ती शिकार आहे, बेडकाच्या मांसाला जंपिंग चिकन नाव दिलं म्हणून कोंबडी होत नाही.

अंगाची काळजी. पावसात जळवा, त्यांचं काही नाही, मीठ लावा, सुटतात. उन्हाळ्यात गोचीड, आणि ते मात्र मस्करीत घेऊ नका. माकडताप, म्हणजे क्यासनूर, २०१५ मध्ये सत्तरीत पाली गावात आला आणि तेव्हापासून सत्तरीतल्या आरोग्य केंद्रांना तो चांगलाच माहीत आहे. डिसेंबर ते मे हा त्याचा काळ, नेमका काजूचा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट मोज्यात खोचलेली, गोचीड दूर ठेवायला अंगाला लावायच्या तेलाचं आरोग्य केंद्रात विचारा, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि काखा, जांघा, कानामागे बघायचं. पाल्यात लोळून सेल्फी नको. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, काठीने ढकलायचं नाही, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्रात कळवायचं. आणि नंतर ताप आला तर डॉक्टरला "मी रानात गेलो होतो" हे आठवणीने सांगा, नाहीतर डेंगूच्या टेस्ट करत बसतात. गव्याबद्दल एकच, तो उभा राहून टक लावून बघतोय आणि फुस्स करतोय म्हणजे त्याने तुम्हाला वेळ दिलाय, पाठ न दाखवता हळूहळू मागे या.

अनमोडमधून रोज जाणाऱ्यांनो, माकडांना केळी-चिप्स देणं बंद करा, ती रस्त्यावर बसायला शिकतात आणि ट्रकखाली जातात.

आता आतल्या लोकांसाठी, म्हणजे आपल्यासाठीच. गाय-म्हैस वाघाने किंवा बिबट्याने मारली तर मेलेलं जनावर हलवू नका, पुरू नका, लगेच रेंज ऑफिसला कळवा, फोटो काढा, पंचनामा झाल्याशिवाय भरपाईचा कागद पुढे सरकत नाही. उशीर होतो, राग येतो, मान्य आहे, पण जानेवारी २०२० मध्ये गोळावलीजवळ एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं विष घालून मारलेली सापडली आणि मग काय-काय झालं ते सत्तरीत सगळ्यांना माहीत आहे, आख्खं गाव चौकशीत. रानडुकरासाठी तारेचा फास, करंट हे पण नको, त्यात डुक्कर कमी आणि दुसरंच काहीतरी जास्त अडकतं, आणि केस शिकारीचीच होते. लायसनची बंदूक असेल तर दोन गोष्टी: ती घेऊन अभयारण्यात फिरायला लेखी परवानगी लागते, आणि हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याने तिची नोंद वनखात्याकडे करायची असते, कलम ३४. गुरं चारण्याचंही वेगळं-वेगळं आहे, अभयारण्यात ते नियमाखाली चालू शकतं, राष्ट्रीय उद्यानात अजिबात नाही, त्यामुळे मोले भागातल्या गवळी-धनगरांनी आपली जागा कुठल्या हद्दीत येते ते नकाशावर आधी बघून घ्यावं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जमिनीचा हक्क. वनहक्क कायदा, २००६, हा अभयारण्यालाही लागतो आणि राष्ट्रीय उद्यानालाही, "इथे लागत नाही" असं कोणी तोंडी सांगितलं तर ऐकू नका. वेळीप, कुणबी, गावडा हे अनुसूचित जमातीत आहेत, त्यांनी १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत होतो हे दाखवायचं. जे त्या यादीत नाहीत त्यांना ७५ वर्षांचं, म्हणजे तीन पिढ्यांचं, तिथलं राहणं दाखवायला लागतं, ते कठीण पण अशक्य नाही. स्वतःच्या कसण्याच्या जागेसाठी अर्ज अ, गावाच्या सामाईक हक्कांसाठी अर्ज ब, तो बऱ्याच ठिकाणी कोणी भरतच नाही आणि अळमी, मध, शिकेकाई, देवाची राय हे सगळं त्यातच येतं. जमीन जास्तीत जास्त ४ हेक्टर, ती मुलांना जाते, विकता येत नाही. पुरावे दोन तरी हवेत: रेशन कार्ड, मतदार यादी, घरपट्टी, जुनी विहीर, दगडी गडगे, बापजाद्यांना जिथे पुरलंय ती जागा, आणि गावातल्या म्हाताऱ्याचं लेखी सांगणं, मात्र तो स्वतः अर्जदार नको. म्हाताऱ्यांचं आधी लिहून घ्या, उद्या-परवा करत राहिलात तर पुरावाच जातो.

अर्ज ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यायचा आणि पोच मागून घ्यायची, तारखेसकट, सहीसकट. नंतर समिती जागेवर येऊन बघते, त्या दिवशी घरातलं कर्तं माणूस तिथे पाहिजे, मुंबईला असेल तर बोलवून घ्या. दावा तपासून पूर्ण होईपर्यंत कसत्या जमिनीवरून हटवता येत नाही हे कायद्यातच आहे, कोणी नोटीस घेऊन आलं तर पोच दाखवा. ग्रामसभेचा ठराव तुमच्या विरुद्ध गेला तर उपविभागीय समितीकडे ६० दिवसांत जायचं, आणि हे ६० दिवस ठराव झाला त्या तारखेपासून मोजतात, तुम्हाला कळलं त्या तारखेपासून नाही, म्हणून त्या ग्रामसभेला स्वतः जाऊन बसा, शेजाऱ्याकडून ऐकण्यावर राहू नका.